पूजेला बसलेले पायडल

सायकलला पायडल कसे असावेत, या विषयावर उभ्या परभणी जिल्ह्यात माझ्याशी वाद घालील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! पायडल रुंद असावेत. सपाट असावेत. पाय ठेवला की घरच्या पाटावर ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे. बस्स! यापुढं कोणाला काही बोलायचं असेल त्यानं आधी मानवतच्या कापूसबाजारात, स्वतःच्या सासऱ्याच्या दुकानासमोर, दातेरी पायडलवर चपलेचा पाय ठेवून दाखवावा आणि मग तोंड उघडावं.

मी वीरुपाक्ष. परभणीच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून. अंगातली शेरवानी सरकारी कायद्याची, डोक्यावरची टोपी सरकारी कायद्याची, पण पायातली चप्पल माझी! ती आजवर एकाही साहेबाला बदलू दिलेली नाही.

सायकल घेतली तेव्हा दुकानदार बन्सीधरनं तिला विलायती पायडल लावून दिले. दोन लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्यांना करवतीसारखे दात!

"साहेब लोकांचा माल हाय," तो म्हणाला. "पाय कसा धरून ठेवतंय बघा."

"अरे, पण मी चप्पल घालतो!"

"मग बूट घ्या."

"पायडलसाठी बूट घेऊ? उद्या म्हणशील, सीटसाठी पाटलोण शिवा!"

"शिवाच की," बन्सीधर म्हणाला. "शिंपी आपला दोस्त हाय."

मी बूट घेतले नाहीत. पाटलोणही शिवली नाही. आणि तशीच सायकल घेऊन, दिवाळीला माहेरी गेलेल्या बायकोला आणायला मानवतला निघालो. मानवत रोड ठेसनावर आगगाडीतून सायकल उतरवली आणि तिथून गावापर्यंत नवाबासारखा आलो. ऐन हंगाम. बाजारात कापसाचे डोंगर. सासऱ्यांचं दुकान दिसलं तशी मी घंटी वाजवली, छाती पुढं काढली आणि ऐटीत उतरायला पाय उचलला. पाय वर आला. चप्पल नाही आली! तिचा तळ त्या दातांत अडकला होता. मी, सायकल आणि टोपी असे तिघे मिळून कापसाच्या ढिगात गेलो.

बाहेर आलो तेव्हा भुवयांपासून मिशांपर्यंत पांढराफेक! अख्खा बाजार बघत होता. सासरे बसवराजअप्पा तराजूपाशी उभे होते. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि मापाड्याला म्हणाले, "हा माल तोलू नको रे. आपला जावई हाय."

संध्याकाळी बैठकीत त्यांनी निकाल दिला. "पोरगी धाडायला माझी ना न्हाई. पण त्या दोन चाकाच्या भुतावर न्हाई. दमणी आणा, बैल जुंपा. बैलानं वढल्याबिगर माझी पोरगी या गावाच्या भाईर जायची न्हाई! हा बसवराजचा शब्द हाय."

आता मला सांगा, दमणी म्हणजे ती बसायची बैलगाडी. मी शिकलेला माणूस, घरची सायकल असताना सासऱ्याच्या धाकानं बायकोला बैलगाडीत घालून नेऊ?

"मामा, माझाबी शब्द ऐका!" मी उठून उभाच राहिलो. "नेईन तर सायकलवरून नेईन! न्हाईतर..."

"न्हाईतर काय?"

न्हाईतरच्या पुढं मी काही ठरवलं नव्हतं. "न्हाईतर परत येऊन सायकलवरूनच नेईन!"

स्वयंपाकघराच्या दारातून आमची चन्नबसम्मा हळूच म्हणाली, "अहो, दमणीनं गेलं तर काय बिघडतंय?"

"तू गप! तुला यायचंय का न्हाई?"

"मला तर आजच यायचंय. मी काय, सायकलवरबी बसते. तुमी तेवढं पडू नका."

मी तडक किशन सुताराकडं गेलो. किशनचा हात म्हणजे नामी हात. मठातल्या स्वामींच्या खडावा तोच करायचा.

"किशन, सागवानाचे पायडल कर. रुंद आणि सपाट! पाऊल पुरतं मावलं पाहिजे, अंगठाबी भाईर राहता कामा नये!"

त्यानं माझी पावलं फळीवर ठेवून कोळशानं रेघ मारून घेतली. "लय मोठा पाय हाय, जावईबापू."

"असू दे!"

"वरून बेलाचं पान कोरू का? दिसायला बरं दिसंल."

"कोर!" मी रागात होतो. "दोन्हीवर कोर!"

जुने पायडल काढून त्याच्यापुढं टाकले. आतल्या लोखंडी दांड्या तेवढ्या काढून ठेव, त्याच नव्यात घालू, बाकीचं भंगार विहिरीत टाक म्हणालो. पुढच्या सोमवारी न्यायला येतो असं सांगून, बिनपायडलची सायकल ढकलत ठेसनावर आलो. लोक हसले. हसू देत! क्रांती अशीच पायी पायी सुरू होते.

सोमवारी रजा टाकली आणि तीच सायकल ढकलत पुन्हा मानवतला पोचलो. किशनच्या दारात त्याची बायको तानुबाई बसली होती.

"धनी चुडाव्याला लग्नाला गेले," ती म्हणाली. "तुमचं सामान कालच तुमच्या सासरवाडीला पोचवलंय. ह्या दोन दांड्या तेवढ्या तुमच्याकडं द्यायला सांगितल्यात."

"सासरवाडीला? आणि काय सांगितलंस तिथं?"

"काय सांगणार? पांढऱ्या फडक्यात बांधून दिलं. म्हणलं, जावईबापूंनी लय हौसेनं करून घेतलंय, जपून ठेवा."

यात खोटं एक अक्षर नव्हतं! पण सासऱ्यांच्या गल्लीत शिरलो तर दाराला आंब्याच्या डहाळ्या, अंगणात सडा-रांगोळी आणि ओसरीवर ही गर्दी! आणि सासरे स्वतः धावत पुढं आले. माझ्या हातातलं ते दोन चाकाचं भूत त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीला टेकवलं!

"जावईबापू! आमी तुमाला वळखलंच न्हाई!"

"कापूस लय लागला होता," मी म्हणालो.

"ते सोडा हो! महाराज आज आपल्या घरी पादपूजेला यायलेत, ही खबर तुमाला परभणीत कशी लागली?"

कोण महाराज, कसली पादपूजा, मला काही पत्ता नव्हता. पण कचेरीची सवय! ठाऊक नाही असं म्हणायचं नाही. "कचेरीत समदं कळतंय," मी म्हणालो.

सासूबाई गंगम्मामामींनी मला ओवाळलं. तळहातावर तीर्थ दिलं. मी भक्तिभावानं पिऊन टाकलं. जवसाच्या तेलाचा वास आला. किशन लाकडाला चोपडतो तोच वास! मी आत डोकावलो. देवघरासमोर चौरंग, चौरंगावर भस्माचे पट्टे ओढलेले, बेलफुलांनी झाकलेले माझे पायडल!

चन्नबसम्माला कोपऱ्यात गाठलं. ती तर आनंदानं फुलली होती. "अहो, किती गुणाचे तुमी! महाराजांसाठी पादुका करून धाडल्या! काल बाबांच्या डोळ्याला पाणी आलं."

"पादुका न्हाईत त्या! पायडल हायत!"

"अगं बाई! हळू बोला!" तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "सकाळधरनं अख्ख्या गल्लीनं तीर्थ घेतलंय त्याचं! शांतम्माकाकूची कंबर बरी झालीय त्या तीर्थानं! आता काय सांगू तिला, सायकलच्या पायडलानं बरी झाली?"

शांतम्माकाकू ओसरीवर खरोखरच ताठ चालत होती.

इतक्यात सासऱ्यांनी खांद्यावर हात टाकला. "आजच घेऊन जा पोरीला. माझी दमणी देतो, बैल देतो, पुरणपोळीची टोपली देतो. असा जावई मिळाया भाग्य लागतंय!"

बायको मिळत होती. पोळ्या मिळत होत्या. करायचं काय, तर तोंड बंद ठेवायचं! कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण दमणी! पुन्हा दमणीच! मी शब्द दिलाय का नाही? आणि माझे पायडल कोणाच्या तरी पायात जाणार आणि मी बैलगाडीत बसून पोळ्या खाणार? मुळीच नाही!

महाराज आले. म्हातारे, हसतमुख, बारीक अंगाचे. सासऱ्यांनी हात जोडून पादुका, म्हणजे माझे पायडल, त्यांच्यापुढं ठेवले. महाराजांनी त्यांवर पाय ठेवले. ते चिमुकले पाय त्या फळ्यांवर हरवूनच गेले.

"बसवराज, ह्याला अंगठ्यात धरायची खुंटी कुठं हाय?"

"नवी तऱ्हा असंल, महाराज."

"आणि हे आडवं आरपार भोक कशाला?"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "वारा जायला असंल."

मला राहवलं नाही. "महाराज!" मी ओरडलो. "त्या पादुका न्हाईत! ते माझ्या सायकलचे पायडल हायत!"

गंगम्मामामींच्या हातातलं ताट खाली आलं. शांतम्माकाकूनं पटकन कंबर धरली. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की मला कापसाच्या ढिगातले दिवस बरे वाटले.

आणि महाराज हसायला लागले! पोट धरून हसले. "मीबी म्हणलं, एवढे मोठे पाय कुणाचे? घेऊन जा बाबा. लाकूड हाय ते. सायकलला लाव आणि बायकोला घेऊन सुखानं जा."

जिंकलो! मी अंगणात बैठक मारली. दांड्या पायडलात घातल्या. उजवा चटकन बसला. डाव्याचे आटे उलटे असतात, हे मला पक्कं ठाऊक होतं, पण एवढ्या लोकांसमोर आठवलं नाही. घाम फुटला, पण बसवला! चन्नबसम्मा गाठोडं घेऊन कॅरिअरवर बसली. मी सासऱ्यांकडं एक नजर टाकली, हँडल धरलं आणि पाय उचलला.

"पाय!" गंगम्मामामी किंचाळल्या. "पादुकांवर पाय ठेवता?"

"मामी! महाराज आत्ताच म्हणले, लाकूड हाय!"

"ते म्हणणारच! थोर माणूस! त्यांचा मोठेपणा हाय तो!"

"अगं, ठेवू दे की त्याला," महाराज म्हणाले.

"बघा! बघा, केवढी माया!" असं म्हणून सगळ्या बायका पायडलांच्या पाया पडल्या. महाराज जेवढी परवानगी द्यायचे, तेवढे पायडल जास्तच पवित्र व्हायचे! शेवटी त्यांनी माझ्याकडं हताशपणे पाहिलं आणि डोळे मिटले. त्यांनाही सासुरवाडी असती तर ते इतक्यात हरले नसते.

"मामा," मी शेवटचा डाव टाकला, "आपल्यात काम हीच पूजा का न्हाई?"

"हाय की."

"मग पायडल मारणं हे काम न्हाई का?"

"हाय. पण पूजा करताना कुणी देवावर उभं राहत न्हाई."

मी चन्नबसम्माकडं पाहिलं. निदान ती तरी! पण ती गाठोडं घट्ट धरून म्हणाली, "अहो, मी उतरत न्हाई. तुमी शब्द दिलाय, सायकलवरूनच न्या. पण महाराजांचे पाय लागलेत त्याला, तुमचा लावायचा न्हाई. ढकलत न्या."

"ढकलत? ठेसनापर्यंत?"

"आणि चपला काढा. पादुका संगं असताना चपला घालून चालतेत का?"

काढल्या. हँडलला अडकवायला गेलो तर, "चामडं? पादुकांजवळ?" शेवटी चपला काखेत मारल्या, बायको कॅरिअरवर, आणि मी अनवाणी निघालो. बाजारातून गेलो तेव्हा जो तो उठून हात जोडत होता. तो मापाडीसुद्धा! कोणाला जोडत होता ते मी बघितलं नाही. मी मान ताठ ठेवली.

गावाबाहेर बाभळी लागल्या. मागून दमणीच्या घुंगरांचा आवाज आला. सासरे! रिकामी दमणी घेऊन माझ्या मागंमाग!

"जावईबापू, बसा की गाडीत!"

"न्हाई!"

"काटे हायत वाटंत!"

"असू द्या!"

"सायकलबी घेऊ गाडीत!"

"अजिबात न्हाई!" मी ओरडलो आणि त्याच वेळी एक काटा टाचेत गेला. तरी थांबलो नाही. हँडलला छाती लावली, मान खाली घातली आणि रेटत राहिलो. चन्नबसम्मा वरून सुपारी चघळत सांगत होती, "जरा दमानं, पुढं खड्डा हाय."

ठेसन आलं. मी घामानं निथळलो होतो, तोंडाला फेस आला होता, पण बायको सायकलवरून आणली होती! वळून सासऱ्यांपुढं उभा राहिलो. "बघा मामा! राखला का न्हाई शब्द?"

बसवराजअप्पा दमणीतून उतरले. माझ्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर दोन थापा मारल्या, आपल्या खिल्लाऱ्याला मारतात तशाच.

"राखला की," ते म्हणाले. "आणि माझाबी राखलात. मी म्हणलोच व्हतो, बैलानं वढल्याबिगर माझी पोरगी गावाभाईर जायची न्हाई."

चन्नबसम्मा एवढी हसली की कॅरिअरवरून खालीच यायची. पण आली नाही! माझ्या सायकलवरून बायको आजवर एकदाही पडलेली नाही, हे बन्सीधरला कोणीतरी जाऊन सांगा. मीच गेलो असतो, पण टाचेतला काटा अजून निघालेला नाही.