गिरणीवाल्या किसनकाकांचा रोजचा सवाल

आमच्या मानवतच्या घरासमोर किसनकाकांची पिठाची गिरणी आहे. सकाळी गिरणी सुरू करण्याआधी काका टोपी काढतात, पिठाळलेले हात पुसतात आणि मोबाइल प्रसादाच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून त्याला विचारतात, "राम राम. मानवतात चांगली गिरनी कोन्ची हाय?"

मोबाइल गोड आवाजात सांगतो की मानवतमधल्या गिरण्यांची नेमकी माहिती त्याच्याकडे नाही, परभणीतल्या दोन-चार मात्र तो सुचवू शकतो.

"ऐका म्याडम!" काका रस्त्यापलीकडून मला ओरडून सांगतात. "दळन घिऊन एश्टीनं परभनीला जावा म्हनायलाय!"

मग टोपी डोक्यावर जाते आणि गिरणी सुरू होते. माझी शाळेत शिकवायला निघायची वेळ तीच, त्यामुळे हा सोहळा मी रोज बघते.

तुम्हाला वाटेल, माणसाला धंदा वाढवायचा असेल. पण या गिरणीला जाहिरातीची गरजच काय? तिचा आवाज पार बसस्टँडपर्यंत ऐकू जातो. शिवाय आलेलं गिऱ्हाईक टिकू नये याचीच काळजी काका जास्त घेतात. ज्वारीत एक खडा दिसला की डबा परत. "निवडून आना. दगडावर दगड दळायचा धंदा न्हाई माझा." कुणी म्हटलं, जरा बारीक दळा, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "बारीक न्हाई, जाड न्हाई. हिसाबात दळतो." काकांचं सगळंच हिसाबात असतं. चहात साखर हिसाबात, हसणं हिसाबात, आणि माझ्या नवऱ्यानं नवी गाडी घेतली तेव्हा त्याला दिलेला आशीर्वादही "हिसाबात चालवा" एवढाच.

त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे चालू दळण मध्येच थांबवायचं नाही. दारावरून वरात जावो नाहीतर आमदार येवो. त्यांच्या लेकीला, वैशालीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांना काकांनी एका बाईची ज्वारी संपेपर्यंत उन्हात उभं केलं. वर म्हणाले, "पाव्हनं थांबतंय. पीठ बिघडलं तर त्याची परत ज्वारी व्हतीय का?" सोयरीक तरीही जमली. व्याही मनाने मोठे असावेत किंवा उन्हामुळे त्यांना काही सुचलं नसावं.

एकदा मीच त्यांना सांगून बसले की हा मोबाइल स्वतःच्या मनाने बोलत नाही, लोकांनी लिहिलेलं वाचून बोलतो. झालं! त्याच संध्याकाळी मला बसवून त्यांनी गिरणीचं नाव, पत्ता, फोटो सगळं इंटरनेटवर टाकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना हुकूम सुटला, आधी आमच्याबद्दल दोन शब्द लिहा, मग डबा न्या.

आता आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची रीत नाही. माणूस जितका जवळचा, तितक्या त्याला शिव्या जास्त. त्यामुळे लोकांनी मन लावून लिहिलं. "म्हातारा लय खवट. दोनदा डबा वापस केला. पीठ एक नंबर." "हाकलून देतेत, तरी तिथंच जावं लागतंय." आमच्या गल्लीतल्या एका वकिलांनी "डोक्याला ताप" एवढंच लिहून पाचही तारे देऊन टाकले.

थोड्या दिवसांनी सकाळच्या राम रामाला नवीन उत्तर आलं. मानवतमध्ये एक गिरणी आहे, पण तिचे मालक चिडके असून गिऱ्हाइकांना परत पाठवतात, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचा चेहरा मात्र खुलला. "वळख तर पटली म्याडम! खोटं काय बोलला त्यो?" मग जरा वेळाने त्यांचा आवाज उतरला. "पन नाव न्हाई घेतलं."

त्या दुपारी वीज गेली. गिरणी बंद, गल्लीत शांतता. काका पायरीवर बसले होते. मी न राहवून विचारलं, "काका, अख्खं मानवत तुम्हाला ओळखतं. या मोबाइलनं नाव घेतलं काय नि न घेतलं काय?"

ते भुवयांवरचं पीठ पुसू लागले.

"वैशालीची आई गेली, तवापसून पोरगी भाकरीचं मला इचारायची. पुण्याहून फोन. अप्पा, भाकरी तुटायलीय. अप्पा, पीठ कडू लागायलंय. यंदा दिवाळीला आली. भाकरी करायलीय, भाकरी तुटली. मी तिथंच, पाटावर बसलेला. आन् तिनं मोबाइलला इचारलं. त्यानं सांगितलं बी. बराबर सांगितलं, लबाड कशाला बोलू? मंग मला इचारायचं राह्यलंच काय? म्हनलं, तिला जे सांगायलंय, त्याला आपलं नाव ठाव पायजे. म्हंजी ती इचारील तवा आपुन बी तिथं आसू."

इतके दिवस मी या माणसाला हसत होते, आणि तो मोबाइलमध्ये शिरून लेकीच्या स्वयंपाकघरात जायची वाट शोधत होता.

मी म्हटलं, "काका, आपली गिरणी चांगली हे सांगणं सोडा. वैशाली जे विचारायची ना, त्याची उत्तरं द्या." वीज येईपर्यंत काका बोलत राहिले आणि मी ते त्यांच्या गिरणीच्या पानावर टाइप करत राहिले. भाकरी का तुटते, पीठ किती दिवस ठेवावं, पावसाळ्यात ज्वारीला ऊन कसं दाखवावं. सवयीने मी त्यांची भाषा सुधारायला गेले, तर म्हणाले, "आसू द्या. मी बोलतो तसंच लिवा."

त्यानंतर बरेच दिवस काहीच घडलं नाही. सकाळचा राम राम चालू होता, त्यात नाव काही येत नव्हतं.

मग एका रविवारी भर गर्दीत गिरणी एकदम थांबली. मला वाटलं वीज गेली. पण आमचा पंखा तर फिरत होता. धावत बाहेर आले. एका बाईची ज्वारी अर्धी दळून झालेली, आणि काकांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलेलं. फोन स्पीकरवर होता, तरी ते गिरणी चालू असल्यासारखे ओरडत होते.

पलीकडे वैशाली हसत होती. "अप्पा, मी भाकरीचं विचारलं. तर मोबाइल म्हणतो, मानवतच्या एका गिरणीवाल्यांचं म्हणणं आहे की जुन्या पिठाला उकळतं पाणी घ्यावं आणि ते हिसाबात घालावं. हिसाबात! अप्पा, ते तुम्हीच ना?"

काका गव्हाच्या पोत्यावर बसले. नाव याही वेळी कुणी घेतलं नव्हतं, पण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मंग फोन कशाला केलास?" ते उगाच करड्या आवाजात म्हणाले. "त्यानं सांगितलं की सगळं."

"हिसाबात म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना."

काकांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले. टोपीवरचं पीठ गालाला लागलं.

"थांब, सांगतो. आधी सांग, पीठ कवाचं हाय?"

ज्वारीवाली बाई पुढे झाली. "काका, माझं दळण अर्धं राह्यलंय की."

काकांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला.

"थांब जरा बाई. पोरगी इचारायलीय."