एकट्याला भाजी नाही

गिऱ्हाइकाची चौकशी करून मगच माल विकणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या अनसाआत्या. नसरापूरच्या बाजारात कुणी भारंगीच्या जुडीला हात लावला, की भाव सांगायच्या आधी त्या विचारायच्या, "घरात खानारी किती?" घर भरलेलं असलं की मूठभर जास्त. माणूस एकटा निघाला, की जुडी परत पाटीत.

आम्ही डोंगरातल्या पासली गावाकडच्या बायका. पावसाळ्यात रानातली भारंगी, कुर्डू, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. पूर्वी जी ती आपापली पाटी घेऊन उतरायची, आणि एकीनं भाव पाडला की सगळ्यांचा पडायचा. मग आम्ही गट केला. माल एकत्र करायचा, एकाच टेम्पोनं न्यायचा, एकाच भावानं विकायचा. शब्बीरभाईंनी आपल्या किराणा दुकानाची पायरी बसायला दिली. आत्या वयानं मोठ्या, म्हणून पुढं त्यांना बसवलं. तिथंच घोटाळा झाला.

खोली घेऊन राहणारा बँकेतला एक तरुण कारकून हौसेनं भाजी घ्यायला आला. आत्यांनी त्याला शब्बीरभाईंकडं वळवलं. म्हणाल्या, "जुडी ह्यांच्या घरी दे, आन तितंच जेव." शब्बीरभाई भला माणूस. त्यांनी त्याला खरंच जेवायला नेलं. आम्ही हसलो आणि विसरलो.

हायवेवरच्या हॉटेलवाल्याचं मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. दर बाजाराला सगळा माल उचलायची त्याची तयारी होती. असं गिऱ्हाईक मिळावं म्हणूनच तर आम्ही एकत्र आलो होतो. आत्यांनी त्याला विचारलं, तुमच्या हॉटेलात माणसं जोडीनं येतात की एकटी? तो म्हणाला, ड्रायव्हर लोक, एकएकटेच जास्त. आत्यांनी पाट्यांवर फडकं ओढलं. आम्ही मध्ये पडेपर्यंत तो गाडीत बसून गेलासुद्धा.

गटाची बैठक झाली. आत्यांनी रानातून माल आणावा, बाजाराला येऊ नये, असं ठरलं. सांगायचं माझ्यावर आलं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "बरं. पन बाजारात चार मानसं माज्याशी बोलायची गं."

बाजाराच्या आदल्या दुपारी मी त्यांची पाटी न्यायला गेले. घर वस्तीच्या टोकाला, चढावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगे पुण्यात कामाला. ओसरीवर भारंगी निवडून, जुड्या बांधून ठेवलेली होती. आत मात्र चूल थंड, आणि आत्या शिळी भाकरी ठेच्याशी खात होत्या.

"दारात एवढी भाजी, आन तुमी कोरडं खाताय?" मी म्हटलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला. "ह्ये गेल्यावर एकदा केली व्हती. एकटीला घास उतरंना. तवापासून न्हाई केली."

मी एक जुडी सोडली आणि चूल पेटवायला बसले. आत्या उठल्या, मला बाजूला सारलं. पानं उकडून, पिळून, लसूण घालून त्यांनी भाजी केली. भाकऱ्या मी थापल्या.

पुढं मी हॉटेलवाल्याला गाठून परत आणलं, गटातल्या बायकांनाही सगळं सांगितलं. आत्या पुन्हा पायरीवर बसू लागल्या. माणसं विचारायचं त्यांनी सोडलं नाही, पाटी झाकायचं मात्र सोडलं. आणि त्यांची पाटी न्यायला जी जाईल, ती त्यांच्याकडं जेवूनच खाली उतरायची.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलं नव्हतं. आम्ही दोघी चुलीपुढं जेवत होतो आणि आत्या माझ्या ताटात बघत होत्या.

"मीठ कसं झालंय?"

"बरोबर हाय."

"खरं सांग. लई वर्सांनी केली. हाताचा अंदाज गेलाय."

मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. मी आणखी भाजी वाढून घेतली.