रंग राखा

दोन शब्द एकमेकांना चिकटले, की मुद्रितशोधक त्यांच्यामध्ये एक उभी रेघ मारतो आणि समासात लिहितो : जागा सोडा.

राखाडी रंगाच्या नऊ छटा मिळतात. सातवी तव्याच्या बुडापेक्षा थोडीशीच फिकी असते.

या गल्लीचं नाव डी गल्ली. ए, बी आणि सी कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही.

काही माणसांना ताज्या रंगाच्या वासाने दम लागतो.

रंगाऱ्याला सांगितलेलं लक्षात राहत नाही. लिहिलेलं मात्र तो अक्षरशः पाळतो.

तर गल्लीत बारा घरं. बाराही क्रीम रंगाची, खाली हातभर तपकिरी पट्टा. सात नंबरात एक निवृत्त मुद्रितशोधक राहत. छत्तीस वर्षं छापखान्यात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि निवृत्तीच्या दिवशी टेबल रिकामं करताना ही सवय तेवढी घरी आणली होती. गल्ली त्यांना तोंडावर काका म्हणे आणि पाठीमागे अनुस्वार. तरी कुणाच्या मुलीचा अर्ज असो, कुणाच्या दुकानाची पाटी असो, तपासायला कागद यायचा तो सात नंबरातच. "काकांनी बघितलंय," असं म्हटलं की पुढे कुणी ब्र काढत नसे. निवृत्तीनंतर काकांकडे मान म्हणून उरला होता तो एवढाच.

ठिणगी पडली तीन नंबरात. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाई नव्याने राहायला आल्या आणि दुरुस्तीनंतर घर कसं दिसणार याचं मोठं रंगीत चित्र त्यांनी गेटला लावलं. काळपट राखाडी भिंती, काळ्या चौकटींच्या खिडक्या आणि दारापासून गच्चीपर्यंत उभ्या लाकडी पट्ट्या.

"दिवसभर लोकांचे दात पांढरे करायचे आणि घर काळं," काका घरी येऊन म्हणाले.

"हल्ली तसंच करतात," काकू म्हणाल्या. "मला बरं वाटलं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. धूळ दिसायची नाही."

"अगं, गल्लीला एक चेहरा असतो."

"असतो ना. कावीळ झाल्यासारखा."

काकांनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी निवेदन लिहायला घेतलं. 'आपल्या गल्लीचे स्वरूप' या मथळ्याखाली दोन पानं झाली आणि त्यांत एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती. समोरच्या वकीलबाईंनी गल्लीची जुनी कागदपत्रं काढून सांगितलं, की बाकीच्या अकरा घरांनी सही केली तर डॉक्टरीणबाईंना क्रीमच लावावा लागेल. सभा रविवारी सकाळी, वकीलबाईंच्या ओसरीवर.

सभेआधी आपण उदाहरण घालून द्यावं, असं काकांच्या मनाने घेतलं. घराला आहे तोच रंग पुन्हा लावायचा, म्हणजे क्रीम किती देखणा असतो हे लोकांना डोळ्यांनीच दिसेल. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं.

"काय ते तोंडी सांगू नका काका," रंगारी म्हणाला. "मागे एकाने मोरपंखी सांगितला. घर झाल्यावर म्हणतो, मी पिस्ता म्हणालो होतो. तेव्हापासून नियमच केलाय. गेटजवळ भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मी माणसांचं ऐकत नाही, भिंतीचं ऐकतो."

काकांना हा माणूस फार आवडला. गेटजवळच्या तपकिरी पट्ट्यावर त्यांनी आपल्या छापल्यासारख्या अक्षरात पांढऱ्या खडूने लिहिलं : रंग राखा. जिथे दोन शब्दांत भागतं तिथे त्यांनी आयुष्यात तिसरा वापरला नव्हता. मग बॅग उचलली आणि दम लागू नये म्हणून पाच दिवस बहिणीकडे जाऊन राहिले. काकू देखरेखीला घरी थांबल्या.

शनिवारी दुपारी काका बसमधून उतरले, गल्लीत शिरले आणि आपल्या घरावरून सरळ पुढे गेले. बारा नंबर आला तेव्हा थबकले. उलटे मोजत परत निघाले. आठ आला. मग मध्ये एक अंधार आला. मग सहा.

"अहो, कुठे निघालात?" अंधाराच्या गेटमधून काकूंनी विचारलं. त्या झाडांना पाणी घालत होत्या.

रंगारी ओट्यावर बसून ब्रश धूत होता. त्याच्या चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान होतं.

"हे काय केलंस?" काकांना आधीच दम लागला होता.

"लिहिलं होतंत ते."

"मी क्रीम लिहिला होता. म्हणजे, आहे तो ठेवा असं लिहिलं होतं."

"लिहिलेलं मी पुसत नाही, काका. या, दाखवतो."

त्याने गेटजवळचा वीतभर तुकडा न रंगवता सोडला होता. काका वाकले. डावीकडे खडूने लिहिलेलं 'रंग राखा'. त्याला अगदी खेटून, पूर्वी कधीतरी त्यांनीच पांढऱ्या तेलरंगाने काढलेला घराचा नंबर : डी ७. अक्षर तेच, पांढरा तोच, उंचीही तीच. स्वतःच्या घराचा नंबर कुणी वाचत नाही, म्हणून लिहिताना काकांनीही वाचला नव्हता. आता वाचला. एका ओळीत स्वच्छ दिसत होतं : रंग राखाडी ७.

"कार्डावरची सात नंबरची छटा," रंगारी म्हणाला. "मला पण जरा गडद वाटली. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यांचं अक्षर आहे, ह्यांची चूक नसते."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू एका कुंडीला मघापासून पाणी घालत होत्या.

"तुला कळलं नाही?"

"मी कोण तुमच्या चुका काढणार?" काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय, काना-मात्रा कळत नाही तर बोलू नकोस."

"उद्या सकाळपर्यंत परत क्रीम होईल?" काकांनी रंगाऱ्याला विचारलं.

"याच्यावर क्रीम चढायला तीन हात लागतील. चार दिवस धरा. आणि तोवर घर झेब्र्यासारखं दिसेल ते वेगळं."

संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली या ना त्या निमित्ताने सात नंबरावरून फिरून गेली. वकीलबाई तर गेटवर हाताची घडी घालून दहा मिनिटं उभ्या राहिल्या. "काका, धक्का दिलात हो," एवढंच म्हणून त्या गेल्या. काकांना जेवण गेलं नाही. रंग बदलला म्हणावं तर निवेदन खोटं पडतं. चूक झाली म्हणावं, तर ज्याने दोन शब्दांत जागा सोडली नाही, त्याच्याकडे उद्यापासून तपासायला कागद कोण आणणार?

"मी आजारी आहे असं सांग," ते म्हणाले.

"आजारी माणूस घर रंगवत नाही," काकू म्हणाल्या. "काय झालं ते सांगून टाका सरळ. फार तर हसतील."

हसतील, हेच तर दुखणं होतं. पण छत्तीस वर्षांत काकांनी चूक दिसूनही पान पुढे जाऊ दिलं नव्हतं. रविवारी ते ओसरीवर उभे राहिले. समोर बाकीची अकरा घरं, कोपऱ्यात डॉक्टरीणबाई.

"निवेदनाआधी एक सांगायचंय," काका म्हणाले. "चूक झाली. माझी. मी जागा सोडायला हवी होती. सोडली नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"किती मोठं मन लागतं हे बोलायला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मताला जागा सोडायला हवी. आपण कुणीच सोडली नव्हती."

"तसं नाही," काका म्हणाले. "दोन शब्दांमध्ये..."

"दोन शब्दांमध्येच सांगितलंत काका. आम्ही उगाच दोन पानांवर सह्या करणार होतो."

"अहो, मी नंबराबद्दल बोलतोय."

"सात नंबरचंच बोलतोय आम्ही पण," नऊ नंबरवाले म्हणाले. "नुसतं बोलून नाही, करून दाखवलंत."

टाळ्या पडल्या. काका उभेच होते, काकूंनी शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. निवेदन एकमताने मागे घेण्यात आलं आणि चहा फिरू लागला. चहा संपेपर्यंत असं निघालं, की क्रीमचा कंटाळा चौघांना कधीचा आला होता; काका काय म्हणतील म्हणून बोलत नव्हते.

रंगाऱ्याचं नशीब उघडलं. नऊ नंबर राखाडी झाला, मग वकीलबाई, मग दोन, मग अकरा. लाकडी पट्ट्या आल्या, काळ्या चौकटी आल्या. दोन महिन्यांत तीन नंबर सोडून सगळी गल्ली एका छटेची झाली. काका एकदा विचारांच्या तंद्रीत आठ नंबरात शिरले, चपला काढल्या, पेपर उघडला आणि चहा मागितला. आठ नंबरच्या वहिनींनी मुकाट्याने आणूनही दिला. पहिला घोट घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, कारण त्यात साखर होती.

तीन नंबरात मात्र बांबूंची परांची बांधली गेली आणि आठवड्याने उतरली, तेव्हा आत क्रीम रंगाचं घर होतं. खाली हातभर तपकिरी पट्टा.

डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या. "सभेनंतर तुमचं निवेदन घरी नेलं, काका. तीनदा वाचलं. मला पटलं."

बाकीच्यांनी ते निवेदन हातात घेतलं होतं खरं, पण सही कुठे करायची एवढंच विचारलं होतं.

"पूर्ण वाचलंत?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्या पानावरचा सकाळच्या उन्हाचा भाग आईला मोठ्याने वाचून दाखवला."

पुढच्याच आठवड्यात वकीलबाई एक कागद घेऊन सात नंबरात आल्या. तीन नंबरामुळे सगळ्या गल्लीचा मेळ बिघडतो आहे, असं लोकांचं म्हणणं होतं.

"तेवढं तपासून द्या, काका. आणि अकरातली पहिली सही तुमची हवी. सुरुवात तुम्ही केलीत."

काकांनी चष्मा लावला. मथळा होता, 'आपल्या गल्लीचे स्वरूप'. दोन पानं. एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती. जिथे क्रीम होतं तिथे राखाडी केलं होतं, आणि जिथे राखाडी होतं तिथे क्रीम. दुसऱ्या पानावर सकाळचं ऊन होतं तसंच होतं.

"चुका नाहीत ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"शुद्धलेखनाच्या नाहीत."

"मग करा सही."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. "आज वाचलं ते पहिलं वाचन," ते म्हणाले. "अजून दोन व्हायची आहेत. वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही. मी घाई करत नाही."

फार पूर्वी, ज्या वर्षी काकांनी सात नंबरला पहिल्यांदा क्रीम रंग लावला, त्या वर्षी बाकीची अकराही घरं विटकरी होती, आणि क्रीमच्या विरोधातल्या निवेदनावर नऊच सह्या झाल्या होत्या.