फ्रायरवरची रेघ

ऑर्विल टेश्केचं स्वतःबद्दलचं मत असं होतं की, आपल्याला निसर्गाने गुप्तहेर म्हणूनच घडवलं, पण विस्कॉन्सिन राज्याने हलगर्जीपणाने दूध-निरीक्षक म्हणून नेमलं. "एकतीस वर्षं मी दुधातलं पाणी पकडलं," तो भेटेल त्याला सांगे, "माणसातलं खोटं त्याहून पातळ नसतं." निवृत्तीनंतर त्याने तीन रहस्यं उकलली होती. पहिल्यातलं हरवलेलं बर्फ ढकलायचं यंत्र त्याच्याच गॅरेजमध्ये सापडलं, दुसऱ्यातली मांजर आपल्या पायांनी घरी आली आणि तिसऱ्यातला खून झालेला माणूस फक्त फोन उचलत नव्हता. या सगळ्याच्या नोंदी मर्विन होल्ट्झ ठेवायचा. मर्विनने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्यातून त्याच्या अंगी जी सहनशक्ती आली होती, ती ऑर्विलने अचूक हेरली. त्याने अचूक हेरलेली तेवढी एकच गोष्ट.

चौथं प्रकरण मात्र थेट मर्विनच्या घरात शिरलं. मर्विनची बायको आर्डिस न्यू हाल्डन गावाची अध्यक्ष. गावाने तिला वसंतात एक वर्षाच्या बोलीवर एक अधिकार दिला होता: मंडळाने मंजूर केलेल्या खर्चाच्या यादीतली न पटलेली एखादी ओळ तिने रेघ मारून रद्द करावी, बाकीची यादी तशीच चालू राहावी. असला अधिकार वॉशिंग्टनच्या राष्ट्राध्यक्षालाही नाही. त्याने एक तर अख्खी यादी गिळायची, नाहीतर अख्खी परत पाठवायची. पण राज्यपालाला आहे, मग आपल्या आर्डिसने काय घोडं मारलंय, असं गॉर्डी प्रिबिलच्या बारमध्ये ठरलं आणि गावाने मान डोलावली.

नोव्हेंबरात यादी आली. आर्डिसने ती वाचली, एकही रेघ न मारता खाली सही केली आणि नियमाप्रमाणे यादी अग्निशमन केंद्रातल्या फलकावर लागली. दोन दिवसांनी पाहावं तो अग्निशमन दलाच्या नव्या फ्रायरच्या ओळीवर ही जाड काळी रेघ. फ्रायर हे तळणीचं यंत्र, आणि दलाचा फ्रायर म्हणजे दर शुक्रवारी गावाला मिळणारे तळलेले मासे. न्यू हाल्डनमध्ये लुथरन आणि कॅथलिक यांचं देवाबद्दल फारसं जमत नाही, पण माशांबद्दल जमतं. आणि नियम असा होता की, सहीच्या वरची रेघ ती अध्यक्षाचीच.

"मी नाही मारली," आर्डिस म्हणाली.

"बरं," गाव म्हणालं. तिथे याहून कडक बोलायची पद्धत नाही.

सोमवारच्या सभेत हा अधिकार ठेवायचा की काढून घ्यायचा, यावर मंडळ मत देणार होतं. आर्डिसला अधिकाराचं एवढं नव्हतं. समोर सही करून मागून गुपचूप रेघ मारणारी बाई, असं गावाने आपल्याला ठरवलंय, हे तिला फार लागलं होतं. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सरळच विचारलं, "तुला काय वाटतं, मर्विन?"

"तपास चालू आहे," मर्विन म्हणाला. वाक्य तोंडातून निघाल्याबरोबर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं, पण आर्डिसने तोवर बटाट्यांचं भांडं उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑर्विल भिंग घेऊन फलकापुढे उभा राहिला.

"मर्विन, लिही. रेघ डावीकडून उजवीकडे मारलेली आहे."

"सगळेच तशी मारतात."

"तेच. गुन्हेगार गर्दीत मिसळून जाणारा आहे." त्याने नाक कागदाला लावलं. "बिअरचा वास."

"तू आत्ता गॉर्डीकडून आलास."

"म्हणून तर ओळखता आला."

यादीला खेटूनच चर्चच्या जेवणाची यादी टाचलेली होती. तिच्यातल्या पावांवर, लोणच्यांवर, केकवर रेघाच रेघा होत्या. कोबीच्या सॅलडवरची रेघ खुद्द मर्विनने मारली होती, कारण सॅलड आर्डिस नेणार होती. भिंग धरायला कोपर अडतंय म्हणून ऑर्विलने तो कागद काढून मर्विनच्या हातात दिला. "असले कागद तपासाची दिशा चुकवतात," तो म्हणाला.

पहिला संशयित गॉर्डी. शुक्रवारी तोही मासे तळायचा.

"गुरुवारी कुठे होतास?" ऑर्विलने विचारलं.

"इथेच."

"आणि शुक्रवारी?"

"इथेच. वडील गेल्यापासून मी इथेच आहे, ऑर्विल."

"दलाचा फ्रायर गेला तर गिऱ्हाईक तुझ्याकडे येईल."

"गिऱ्हाईक आत्ताही येतं. तिकडे मासे खातात, खारट लागतात, मग इकडे येऊन पितात. फ्रायर गेला तर माझाच धंदा बसेल."

"याचं नाव काट, मर्विन," ऑर्विल म्हणाला, आणि लगेच, "नको, राहू दे. गावात आधीच रेघा फार झाल्यात."

दुसरी संशयित कारकून लोर्ना. तिचं ऑफिस दलाच्या जुन्या फ्रायरच्या बरोबर वर होतं.

"लोर्नाबाई, तुमच्या कोटाला माशांचा वास येतो. राग येत असेल."

"माझी पाच मांजरं आहेत," लोर्ना टाइप करता करता म्हणाली. "त्या वासामुळेच ती मला घरात घेतात."

बाहेर आल्यावर ऑर्विल म्हणाला, "तिसरं नाव लिही. आर्डिस होल्ट्झ."

"ती माझी बायको आहे."

"म्हणूनच जरा नीट अक्षरात लिही."

मर्विनने लिहिलं. खरं सांगायचं तर हात जितका अडखळायला हवा होता तितका अडखळला नाही. 'जुना फ्रायर अजून पाच वर्षं सहज काढेल,' हे आर्डिसचं ऑक्टोबरातलं वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याने वही पटकन मिटली.

सोमवारी सभेला गाव लोटलं. शनिवारी हरणांची शिकार सुरू होणार होती आणि तोवर बंदुकांना तेल लावण्यापलीकडे कुणाला काही काम नव्हतं. दलाचा प्रमुख डेल उठला आणि म्हणाला की, त्याला कुणाच्या मनाला लागेल असं बोलायचं नाही, पण ज्यांना मासे आवडत नाहीत त्यांनी तसं तोंडावर सांगावं. आर्डिस टेबलाकडे बघत बसली. मर्विनला उठून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात ऑर्विल उठला.

"सज्जनहो, मी सर्व शक्यता तपासल्या. या गावातल्या कुणीही ही रेघ मारलेली नाही. ही रेघ शेजारच्या मिनेसोटा राज्यातून आली आहे."

सभेने यावर खरोखरच थोडा विचार केला, कारण मिनेसोटाबद्दल काहीही खरं निघू शकतं.

इतक्यात दार उघडून सेल्मर स्कोगन आत आला. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर शिकारीची भडक केशरी टोपी. "दोन माणसं मिळतील का?" तो म्हणाला. "अर्धा तास बाहेर थांबलो. तुम्ही बोलत होता म्हणून हॉर्न वाजवला नाही. फ्रायर उतरवायचाय."

"कसला फ्रायर, आजोबा?" डेलने विचारलं.

"यादीतला. मी रेघ मारली होती की त्याच्यावर."

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सेल्मर गोंधळला.

"फलकावर काय काय हवंय ते लिहिलं होतं," तो म्हणाला. "शिडी माझ्याकडे नाही. पाण्याचा पाइप नाही. मेहुण्याने हॉटेल बंद केलं तेव्हाचा फ्रायर कोठारात पडलाय. म्हटलं, हा आपण न्यावा."

"पण रेघेपुढे नाव का नाही लिहिलंत?" लोर्ना म्हणाली.

सेल्मर कानापर्यंत लाल झाला. "नाव कशाला? मिरवल्यासारखं होतं."

साठ वर्षं चर्चच्या तळघरातल्या जेवणांसाठी प्रत्येकाने आपण आणणार त्या पदार्थावर रेघ मारली होती आणि नाव कुणीच लिहिलं नव्हतं.

"आणि पुढे आकडा होता, सहा हजार दोनशे, तो काय वाटला?" गॉर्डीने विचारलं.

"तेवढी माणसं जेवायला असतील असं वाटलं. जरा जास्त वाटली," सेल्मर म्हणाला.

"माझा तपास याच दिशेने चालला होता," ऑर्विल म्हणाला.

"मिनेसोटाच्या?" मर्विनने विचारलं.

"सेल्मर, तुमचा ट्रक कुठे घेतला?"

"दुलूथला."

"मिनेसोटा," ऑर्विल म्हणाला आणि समाधानाने खाली बसला.

चौघं जण फ्रायर उतरवून आले. डेलने आर्डिसपुढे न मागता कॉफी आणून ठेवली. गावाची माफी मागायची ती रीत. मग ओशाळलेल्या मंडळाने ठराव मांडला की, हा अधिकार आर्डिसला कायमचाच द्यावा.

"थांबा," आर्डिस म्हणाली. "मला तो फ्रायर नकोच होता. सही करताना पेन दोनदा त्या ओळीवर नेलं आणि दोनदा मागे घेतलं. पण हे आठ दिवस मी ओरडून सांगतेय की रेघ माझी नाही, आणि एकाही माणसाने मानलं नाही. कुणीही यावं, रेघ मारावी आणि नाव माझं व्हावं. असलं हत्यार मला नको. खर्च पटत नसेल तर इथे बसून भांडू, सगळ्यांच्या देखत."

"मग मंडळ यादीत वाट्टेल ते घुसवेल, अध्यक्षीणबाई," गॉर्डी म्हणाला. "चांगल्याच्या पाठीवर बसून वाईटही मंजूर होऊन जाईल."

"घुसवू दे. मी अख्खी यादी परत पाठवीन. तुझ्या गल्लीतल्या दिव्यांच्या खर्चासकट."

पाच विरुद्ध दोन मतांनी अधिकार गेला. विरोधातली दोन मतं कुणाची होती, हे ऑर्विलने तपासायचं ठरवलं. वर झालेले हात तर सगळ्यांनी बघितले होते.

घरी जाताना मर्विनने चर्च मागे पडेपर्यंत धीर गोळा केला. "आर्डिस, मला वाटलं होतं तूच मारलीस."

"माहीत आहे. संशयितांत मी कितवी होते?"

"तिसरी."

"ते ऑर्विलचं. तुझ्या मनात कितवी?"

बर्फ भुरभुरत होतं. मर्विनने गाडी आणखी हळू केली. "पहिली," तो म्हणाला.

आर्डिस त्याच्याकडे वळली. "म्हणजे त्या ऑर्विलपेक्षा तू बरा गुप्तहेर आहेस. पेन त्या ओळीवर गेलं होतं, ते फक्त मलाच ठाऊक होतं, आणि तू ते ओळखलंस."

हे कौतुक होतं की शिक्षा, ते मर्विनला कळलं नाही. पण आठ दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून बोलत होती, म्हणून त्याने तपास तिथेच थांबवला.