परीक्षकबाईंचं नाक

वारिंबा गावच्या कृषिप्रदर्शनाच्या मैदानातलं गवत नेमकं स्पर्धेच्या सकाळीच कापलं आणि नोव्हेंबरच्या, म्हणजे तिथल्या वसंतातल्या, वाऱ्याने राय गवताचे सगळे पराग थेट नोरीनच्या नाकात पोचवले. दहा वाजेपर्यंत नाक ठार बंद. गालांची हाडं ठणकत होती, जरा वाकलं की कपाळ जड होत होतं. आणि केकच्या स्पर्धेची परीक्षक तीच! गेली अठरा वर्षं गावाचा तिच्या नाकावर विश्वास होता. ते नाक आज कामातून गेलंय हे फुटलं, तर तिची नणंद डॅफ्नी त्या खुर्चीवर टपलेलीच होती. तसा अर्जही तिने समितीकडे देऊन ठेवला होता.

मंडपाची दारं बंद झाली. आत केकवर नुसते नंबर होते. सकाळी मैदानातलं गवत कापून आता नोंदी करायला बसलेल्या मर्व्हचंही नाक गळत होतं, पण त्याच्या नाकाला विचारतो कोण?

"सात नंबर. वास?"

नोरीनने जोर लावून हुंगलं. काही नाही.

"नाजूक."

"आठ?"

"जरा संयमी."

"नऊ?"

"प्रामाणिक."

"बाई, केकचा वास प्रामाणिक?"

"तू लिही रे गुमान!"

जिभेला सगळेच केक नुसते गोड लागत होते. शेवटी तिने डोळ्यांवर भिस्त ठेवली. अकरा नंबरचा लिंबाचा केक सर्वांत उंच आणि सोनेरी होता. पहिला नंबर त्यालाच दिला.

दारं उघडली. पाठोपाठ एक मेंढ्या वळणारा कुत्रा आत शिरला. बाकीच्या केककडे ढुंकूनही न पाहता तो अकरा नंबरसमोर जिभल्या चाटत बसला.

"डॅफ्नी, माझा आमिषाच्या मासळीचा डबा कुठंय गं?" डॅफ्नीचा नवरा क्लेम दारातूनच ओरडला. "त्यातून केक आणलास की काय?"

"हळू बोल ना रे! बंद डबा तेवढाच होता."

नोरीनने ते ऐकलं. डॅफ्नी पहिल्या नंबरची निळी फीत मुठीत घेऊन तिच्याकडेच येत होती. अकरा वर्षांत तिला तिसऱ्याच्या वर नंबर मिळाला नव्हता.

"वास कसा वाटला गं माझ्या केकचा?"

"छान," नोरीन कशीबशी म्हणाली. "लिंबाचा."

डॅफ्नीने तिच्या लालबुंद नाकाकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"अर्ज मी मागे घेते. पुढच्या वर्षीही तूच बस," ती म्हणाली आणि वळली. "मर्व्ह, मैदानातलं गवत दर वर्षी स्पर्धेच्या सकाळीच कापत जा हं."