शायरसाहेबांचा मुक्काम

टँकरभोवती भांडणं होऊन घागरी फुटत होत्या, त्या वर्षी दस्तगीरचाचा रोज सकाळी एक भरलेली घागर एका मेलेल्या माणसाच्या खोलीत नेऊन ठेवत. दाराशी चपला काढत, हलकेच कडी वाजवत, आणि आत कोणी नाही हे आम्हाला दिसत असूनही जरा थांबून मगच आत जात.

ही गोष्ट अहमदपूरच्या मुसाफिरखान्यातली. निजामाच्या काळातली दगडी इमारत. हैदराबादला मुशायऱ्याला निघालेले एक शायर तापानं इथं अडकले आणि कोपऱ्यातल्या खोलीत वारले. चाचांचे वडील तेव्हा चौकीदार होते. पुढं चाचा झाले. शायरसाहेबांची शेवटची गझल अर्धी राहिली, ती पुरी झाल्याशिवाय ते जाणार नाहीत, अशी चाचांची खात्री होती. त्या खोलीतून गुणगुणणं येतं असं गावही म्हणे. मला कधी ऐकू आलं नाही. पण येतच नाही, असंही मी ठामपणे सांगू शकत नाही.

मी तिथं राहायला आलो, कारण गावात माझं आडनाव ऐकलं की रिकाम्या खोल्या भरलेल्या निघत. मुसाफिरखान्यामागच्या भीमनगरात माझी आत्या होती, पण तिच्या एका खोलीत आधीच पाय पसरायला जागा नव्हती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. चाचांनी आडनाव विचारलं नाही. म्हणाले, "शेर समजतो का?"

"न्हाई."

"समजंल. घोरतो का?"

तेही नाही म्हटल्यावर मला खाट मिळाली.

नियम बरेच होते. कोपऱ्यातल्या खोलीसमोर शीळ घालायची नाही. सिनेमाची गाणी तर नाहीच. देगलूरचे वेंकटराव बियाणं विकायला यायचे, ते एकदा गाणं म्हणत दाढी करत होते. चाचांनी त्यांचा आरसा उचलून अंगणात नेऊन ठेवला. "अदब से, वेंकटराव. शायरसाहेबांची तबियत नरम हाय."

"मेलेल्या माणसाची तबियत अजून किती नरम होणार?" वेंकटराव म्हणाले.

घागरीतलं पाणी चाचा दुसऱ्या दिवशी आम्हाला तोंड धुवायला देत. शायरसाहेबांचं पिऊन उरलेलं आहे, हे आधी सांगत. वेंकटराव घागरीत वाकून बघत. "काठोकाठ आहे की. प्यायले काय मग?"

"शायर माणूस. पाणी कमीच पितात," चाचा शांतपणे म्हणत.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवी कार्यालयं जागा शोधत फिरत होती. एक दिवस जीपमधून एक साहेब मुसाफिरखाना बघायला आले. त्यांना इमारत आवडली, तर आम्हाला बाहेर पडावं लागणार होतं. मला तर गावीच परतावं लागलं असतं. पण त्यांच्या शिपायानं आम्हाला हळूच सांगितलं, "साहेब भुताला लई भितेत." वेंकटरावांचा चेहरा खुलला. त्यांनी चाचांना बाजूला घेतलं. "आज सगळं सांगून टाका. गुणगुणण्यासकट."

साहेब कोपऱ्यातल्या खोलीपाशी आले, पण उंबऱ्यावरच थांबले. सोबतच्या माणसाला सांगत होते, "कार्यालय आलं की आवारात बोअर मारू. खाली पाणी असल्याचा रिपोर्ट आहे."

मागच्या भिंतीपलीकडं भीमनगरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत टँकर पोचेतो तळाचा गाळ उरायचा. माझी आत्याही त्यांच्यात होती. चाचांनी तिकडं पाहिलं.

"साहेब, त्या बोअरवर मागच्या वस्तीलाबी भरू देणार?"

"सरकारी पंप असतो. कोणीही भरावं."

"कुणी अडवलं तर?"

"कोण अडवणार? कार्यालयाच्या दारात?" मग साहेबांनी आवाज खाली आणला. "बाकी या खोलीबद्दल ऐकलंय ते खरं आहे का?"

अर्ध्या तालुक्याला ज्यांनी या खोलीचा धाक घातला, ते दस्तगीरचाचा म्हणाले, "न्हाई साहेब. रिकामी हाय खोली. आत कुणीबी न्हाई."

वेंकटरावांनी कपाळाला हात लावला. साहेब आत गेले.

जागा पसंत करून साहेबांची जीप गेल्यावर वेंकटराव चिडून म्हणाले, "आयुष्यभर खोटं बोललात, चाचा, अन् आजच बरं खरं बोलायचं सुचलं."

चाचांनी दाराशी चपला काढल्या. ते खोलीत गेले. मी दाराशीच उभा होतो. भिंतीकडं तोंड करून ते हात जोडून म्हणत होते, "माफी असावी. तुमच्यासमोर खोटं बोललो. इलाज नव्हता."

मग त्यांनी खाटेवरची सतरंजी गुंडाळून काखेत घेतली. दुसरा हात बाजूला असा धरला, जसा आपण म्हाताऱ्या माणसाला उठताना देतो.

"चला. माझं घर लहान हाय, पण हवा येते."

बायको गेल्यापासून आणि मुलगा हैदराबादला राहिल्यापासून त्या घरात चाचांशिवाय कोणी नव्हतं. उंबरा ओलांडताना ते माझ्यापाशी थांबले.

"तू काय बघून राहिला? पेटी उचल तुझी. तिघं ऱ्हाऊ."