यकृतपेशींच्या तोतयाची हकीकत

श्रीगणेश, श्रीशारदा आणि उणे ऐंशी अंशांवर वास करणारी शीतपेटीमाता, तिघांचे चरणीं मस्तक ठेवून, एका थोर विद्याराज्यांत पेशींचा तोतया कैसा गादीवर बसला, किती मिरवला आणि त्याचे सोंग उतरतां बळी कोणाचा पडला, ती हकीकत जैसी कानीं आली तैसी लिहिली आहे. थोरामोठ्यांस राग येईल, येवो. राग येणे हा थोरांचा जुना धंदाच आहे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, पीएचडी करूं निघालेल्यास याहून योग्य नांवाचे साल ब्रह्मदेवासही सुचते ना, त्या साली आषाढमासीं औसे गांवचे शिंपी तुळशीराम लाटकर यांची कन्या हेमांगी, जीवरसायनाची एमएससी पहिल्या नंबराने जिंकून, पाठीस सॅक लावून या राज्याचे वेशीवर दाखल जाहली. बापाने गिऱ्हाइकांस सांगून ठेविले होते की लेक डाक्टर होऊन येणार. गिऱ्हाइके तेव्हांपासूनच गुडघ्याचे औषध विचारूं लागली.

राज्याचे धनी श्रीमंत डॉक्टर विश्वंभरपंत राजोपाध्ये. मोठे प्रतापी पुरुष. तरुणपणीं त्यांनी एका रोग्याचे यकृताचा तुकडा शस्त्रवैद्याकडून मागून आणिला आणि त्यांतील पेशी काचेचे बाटलींत वाढविल्या आणि त्यांस आपले नांवावरून विश्व-एक ऐसे नांव दिले. आतां यकृताच्या पेशी बाटलींत मोठ्या नाजूक, चार दिवसांत मान टाकितात. परंतु पंतांच्या जगल्या, वाढल्या, उसासारख्या फोफावल्या. सर्वांनी म्हटले, पंतांचे हातास यश. इतके यश बरे नव्हे, हे कोणी म्हटले नाही. मग त्या पेशींवर पेपर निघाले, पेपरांवर मानसन्मान आले, आणि राज्य उभे राहिले. तेथील रिवाज ऐसा, की नवा शिष्य येतां पंतांनी स्वतां द्रव नायट्रोजनचे हंड्यांत चिमटा घालावा, वाफांचे लोट उठावे, त्यांतून विश्व-एकची इवलीशी कुपी काढावी, कोमट पाण्यांत आपले हाताने विरघळवावी आणि शिष्याने ती दोन्ही हातांनी घ्यावी. त्या दिवशीं सर्वांस पेढे. अन्य राज्यांत पेशी हातीं आल्या की त्यांची ओळखपरीक्षा करवितात, म्हणजे त्यांचा डीएनए जगभरच्या नोंदलेल्या पेशींशीं ताडून त्या म्हणवितात त्याच आहेत कीं काय हे पाहतात. येथे ते बसत नव्हते. गुरूने दिलेला प्रसाद का कोणी हुंगून घेतो?

हेमांगीने कुपी घेतली आणि कामास लागली. विषय दारूचा थेंबही न शिवणाऱ्याचे यकृतांत चरबी कां सांठते, हा. पेशींस गुलाबी अन्नपाणी घालावे, ऊबपेटींत निजवावे, दाटी जाहली की नवे बाटलींत वाटून द्यावे, दिवाळी असो की ताप असो, चुकवितां येत नाही. तान्ह्या लेकराची आई सुटी मागेल, पेशींची दाई मागूं शकत नाही. पहिल्याच वर्षीं एक नवल घडले. यकृताचे पेशीने अल्ब्युमिन नामे प्रथिन करावे हा तिचा कुळधर्म. हेमांगीने तपासणी केली, तों अल्ब्युमिनची पट्टी उमटावी तेथे कोरे करकरीत. पुन्हां केली, पुन्हां कोरे. त्यास राज्यांत एक ठरलेले उत्तर होते, की पट्टी उमटविणारी अँटिबॉडी जुनी जाहली. मग नवी मागवावी, ती सावकाश यावी, तिनेही कोरेच दाखवावे, आणि मग म्हणावे की शिष्याचा हात अजून बसला नाही. ऐसे प्रत्येकाचे पहिले वर्ष गेले होते आणि प्रत्येकाने तो दोष आपले हाताचा समजून गिळिला आणि मागाहून येणारास तेच ज्ञान दिले. पेशींवर संशय कोणी घेतला नाही. वाण्याने घेतला असता, शिंप्याने घेतला असता. हे विद्वान होते.

मग वर्षे गेली आणि हेमांगीचे हातास खरेच यश आले. एक प्रथिन कुलूपबंद केले असतां पेशींत चरबी सांठत नाही ऐसे तिने दाखविले. पंत प्रसन्न होऊन भर बैठकीत बोलिले, "लाटकर, हे फार सुंदर झालंय. आता हे बाहेर पाठवायचं आणि तू थिसिस लिहायला बसायचं." पंतांचे तोंडीं सुंदर हा शब्द सहसा येत नसे, हेमांगीस तीन दिवस जेवण गोड लागले. पेपर परदेशीं मोठ्या जर्नलाकडे रवाना जाहला. तेथून उत्तर आले की काम उत्तम, छापूं, फक्त पेशींची ओळखपरीक्षा जोडावी. पंत त्या समयीं विलायतेस सन्मान घ्यावयास गेले होते. मागें कारभार दिवाकर खोत यांचे हातीं, राजापूरकडचे, पंतांचेच जुने शिष्य, स्वभावाने मऊ. हेमांगीने त्यांस विचारिले, तों खोत चष्मा पुसूं लागले. म्हणाले, "ते जर्नल सोड गं. दुसऱ्या ठिकाणी पाठवू. एवढं विचारत नाहीत तिथे." ती म्हणाली, "अहो दिवाकरदादा, साधी टेस्ट आहे. छापतो म्हणाले ते!" खोत चष्मा चढवून चालते जाहले. मग तिने आपले मनानेच पेशींचा नमुना परीक्षेस धाडिला.

जबाब आला तो ऐसा, की या पेशी यकृताच्या नव्हेत. या सातासमुद्रांपलीकडील एका बाईच्या, गर्भाशयाचे मुखाशीं जाहलेल्या कर्करोगाच्या. ती बाई केव्हांच वारली, पेशी घेतांना तिला कोणी विचारिले नव्हते, आणि तिच्या पेशी जगांतील अर्ध्या प्रयोगशाळांत वाढतात, आणि एका थेंबातून दुसरे बाटलींत शिरल्या तर मूळच्यांस खाऊन आपणच गादीवर बसतात. हेमांगी तो जबाब वाचून प्रथम हसली. नमुना बदलला असेल म्हणाली. मग शंका नको म्हणून हंड्याचे तळाशीं गेली आणि पंतांनी तरुणपणीं स्वहस्तें नांव लिहिलेली पहिल्या खेपेची कुपी काढून तीही परीक्षेस धाडिली. जबाब तोच. म्हणजे खरे विश्व-एक बाटलींत पहिल्याच वर्षीं मेले होते आणि तोतया त्यांचे नांवाने राज्य करीत होता आणि आजवरचे समस्त पेपर, समस्त मान, समस्त शिष्यांच्या पदव्या त्या तोतयाच्या मुजऱ्यांत गेल्या होत्या. तिचे सुंदर कामही त्यांतच. मग ती ऊबपेटी उघडून बाटल्यांकडे पाहत उभी राहिली. त्यांतील पेशी बिचाऱ्या नेहमीसारख्याच वाढत होत्या. तिला त्यांचा राग येईना आणि रडूंही येईना, फक्त आईच्या आजारपणांतही आपण या बाटल्यांसाठीं परत आलो होतो एवढे आठवले.

पंत परतले. हेमांगीने दोन्ही जबाब पुढें ठेविले. पंतांनी वाचिले, पुन्हां वाचिले, आणि कागद पालथे घातले. मग बोलिले, "मी तीस वर्षांचा होतो तेव्हा. सगळं आयुष्य त्या कुपीवर उभं केलंय." हे मात्र खरे बोलिले, आणि हेमांगीचे डोळे भरून आले, मनांत म्हणाली, आतां सर म्हणतील की लाटकर, आपण हे जगाला सांगूं. तेवढ्यांत पंत सांवरले. सिंहासनाचा गुणच तो, बसणारास फार वेळ माणूस राहूं देत नाही.

"भेसळ तुझ्या हातून झाली आहे, लाटकर."

"सर, ती कुपी मी शाळेत जायच्या आधीची आहे. तुमच्या अक्षरातली."

"उघडली कोणी? तूच ना? त्यातच शिरल्या असतील."

"एका उघडण्यात सगळी कुपी बदलते होय सर? थेट त्यातूनच नमुना पाठवला मी."

पंत मग आवाज मऊ करून बोलिले, "हे बघ, मी तुझा शत्रू नाही. भेसळ माझ्या हातून झाली, एवढं लिहून दे. पेपर मागे घेऊ. थिसिस मात्र आहे तसाच सादर होईल, परीक्षक आपलेच आहेत, उन्हाळ्यात तू डॉक्टर. कुणाचंच नुकसान नाही."

"आणि माझ्या पाठीमागून येणारे, सर? त्यांनाही हीच कुपी देणार?"

"ते मी बघेन," पंत म्हणाले आणि फोन उचलून दुसऱ्याशीं बोलूं लागले. भेट संपली ऐसे त्यावरून समजावयाचे.

हेमांगी बाहेर आली तों खोत जिन्यांत उभे. म्हणाले, "सही करून टाक. मी तुझ्या भल्याचं सांगतो." तिने त्यांचे तोंडाकडे पाहिले आणि चष्मा पुसण्याचा अर्थ तिला उमगला. म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं." खोत म्हणाले, "मी थिसिस द्यायच्या वर्षी टेस्ट करून बघितली होती. घरी धाकटी बहीण लग्नाची होती, गप्प बसलो. तूही बस. एवढी एक पदवी हातात आली की मग आयुष्यभर खरं बोल." हेमांगी म्हणाली, "तुम्ही कधी सुरू केलंत, दादा?" दोघे एकाच जिन्याने उतरली आणि दारातून दोन दिशांस गेली.

संध्याकाळीं तिने बापास फोन लाविला. सर्व हकीकत त्यास समजणारी नव्हती, म्हणून म्हणाली, "आबा, समजा कापड खोटं निघालं, सगळे कपडे शिवून झाल्यावर. आणि मालक म्हणतो, तुझ्या कात्रीनं खराब केलं असं सांग, मग मजुरी देतो. तर?" मशीन थांबल्याचे तिला ऐकूं आले. तुळशीराम म्हणाले, "कापड कुनी आनलं हुतं?" ती म्हणाली, "मालकानंच." तुळशीराम म्हणाले, "मग कात्रीवर कामून घ्यायचं, माय? पर तुजी पाच वर्सं गेली की गं त्यात." आणि पुढें दोघेही जेवणाखाण्याचेच बोलत राहिली.

मग शोभनसंवत्सरीं, नांव काय आणि दिवस काय, दरबार भरला. सल्लागार मंडळीचे तिघे वडीलधारे, पंत, खोत आणि मध्यें हेमांगी. वडीलधाऱ्यांनी जबाब चाळले आणि त्यांतील एक, बरे गृहस्थ होते, विचारते जाहले, "या लॅबमध्ये हे यापूर्वी कुणी तपासलं होतं का?" आतां दरबारांत या प्रश्नाचे उत्तर देऊं शकणारा एकच पुरुष होता. हेमांगीने खोतांकडे पाहिले. त्यांनी एक शब्द बोलावा, तिची कात्री सुटली असती. खोत समोरच्या बिस्किटांकडे पाहत म्हणाले, "माझ्या माहितीत नाही." मग लिहून आणिलेला कागद तिचेपुढें सरकविण्यांत आला आणि पेन तिचे हातीं देण्यांत आले. हेमांगी म्हणाली, "पाच वर्षं मी खोट्या पेशी सांभाळल्या, सर. माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत असून खोटी सही कशी करू?" पंत म्हणाले, "भावनेच्या भरात बोलू नकोस." ती म्हणाली, "भावनाच आहे सर. तेवढीच अस्सल उरली आहे माझ्याकडे." पेन तिने खालीं ठेविले. मग वडीलधाऱ्यांनी ठरविले की भेसळीचा दोष कोणावर ठेवितां येत नाही. परंतु शिष्येचे कामांत नवे ज्ञान कांहीं उरले नाही, आणि नव्या ज्ञानावांचून पदवी देतां येत नाही. पेशी तोतया आहेत हे नवे ज्ञान नव्हे काय, ऐसे तिने विचारिले. वडीलधारे म्हणाले, ते विषयाचे बाहेरचे.

हेमांगी औश्यास परतली आणि ज्युनियर कॉलेजांत रसायन शिकवूं लागली. गिऱ्हाइकांनी गुडघ्याचे औषध विचारणे सोडिले. तिकडे वर्ष उलटतांच एका परदेशी राज्याने विश्व-एकची कुपी मागवून परीक्षा केली आणि बोभाटा होण्याचे चिन्ह दिसूं लागले. पंत कसलेले सेनापती; वारे कोठून येते ते पाहून त्यांनी पालखी फिरविली आणि परदेशियांचे आधीं आपणच पेपर काढिला, की आमचेच पेशींत तोतया शिरल्याचे आम्हीं शोधून काढिले आहे, समस्त विद्वानांनी सावध व्हावे, गुरूंनी दिलेल्या पेशीही तपासून घ्याव्या. पहिले नांव पंतांचे, दुसरे खोतांचे. चहूं मुलखीं जयजयकार जाहला. आपलाच महाल आपल्या हाताने पाडणारा ऐसा सत्यनिष्ठ पुरुष झाला नाही म्हणाले, पंतांस विज्ञानांतील सचोटीचे सुवर्णपदक मिळाले आणि खोतांस प्राध्यापकी मिळाली.

हेमांगीने तो पेपर दुकानांत बसून मोबाइलवर वाचिला. पहिल्या खेपेच्या कुपीची परीक्षा तिने करविलेली, चित्र तिचे, खालचे वाक्यही जवळजवळ तिचेच. शेवटीं बारीक अक्षरांत, तांत्रिक साहाय्याबद्दल कु. लाटकर यांचे आभार. तिने चूक शोधून पाहिली, रागास टेकायला कांहीं हवे म्हणून. आणि पेशींविषयीं त्या पेपरांत खोटे एक अक्षर नव्हते, हेच तिला सोसेना.

तुळशीरामांनी मशीन थांबवून विचारिले, "काय लिवलंय गं?"

"मी म्हणत होते तेच."

"मंजी तुजंच खरं निघालं की! मग आता बलवत्याल तुला, देत्याल डिग्री."

"न्हाई आबा. आता त्यांना खरं मिळालंय. माजं काय काम?"

येणेप्रमाणे तोतयाचे सोंग उतरले आणि राज्य निर्मळ जाहले. नव्या पेशी विकत आणून, परीक्षा करवून, पंत आतां शिष्यांस स्वहस्तें देतात आणि पेढेही वांटतात. सत्याचा विजय होतो हे खरे. विजयाचे मिरवणुकींत हत्तीवर कोण बसते, तेवढे शास्त्रांत सांगितलेले नाही. इतके लिहून शाई आटली, आणि आटली तेच बरे.